उपाशी ठेवलं तरच फास टाकते
सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक जंत, फासात पकडून खाणाऱ्या आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा या बुरशीबद्दल एका प्रतिसादात लिहिलंय, 'या बुरशीचे फास कायम तयारच असतात, सूत्रकृमी आला की अडकला', ते अर्धंच खरं. ही बुरशी एरवी सडक्या पाल्यालाकडावर निवांत जगते. फास टाकायचा खर्च ती तेव्हाच करते, जेव्हा आसपास सूत्रकृमींचा वास लागतो आणि खाणं कमी असतं. लाकडात कार्बन भरपूर, नायट्रोजन नावापुरता. ती तूट कृमीतून भरून निघते.

एमएस्सीला असताना हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. ओढ्यात बुडालेली कुजकी काटकी आणून बटाटा-डेक्स्ट्रोज अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या भरपूर खाणं असलेल्या जेलीवर ठेवली. बुरशी कापसासारखी फोफावली, फास मात्र एकही नाही. मग खाणं नसलेल्या, नुसत्या पाण्याच्या अगरवर ठेवून चिमूटभर शेणखताची माती टाकली, त्यातले कृमी आयतेच आले. आठवडाभराने मायक्रोस्कोपखाली चिकट वेटोळ्यांची जाळी दिसली. एक कृमी शेपटीकडून चिकटलेला, पुढचा अर्धा चाबकासारखा आपटत होता. दुसऱ्या दिवशी नुसती कातडी उरली, आत बुरशीचे तंतू. (डबा शेणाचा म्हणून रूममेटने आठवडाभर अबोला धरला, ते वेगळं.)

आवळणारी कडी हा फासाचा प्रकार निराळा, तो ड्रेक्सलेरेला या दुसऱ्या बुरशीचा. तीन पेशींचं कडं. कृमी आत शिरला की पेशी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात फुगतात. त्या प्रतिसादात चिकट जाळी आणि ही कडी दोन्ही एकच समजलेत. आणि डाळिंबाला सूत्रकृमींवर देतात ते पॅसिलोमायसिस यातलं नव्हेच, ती प्रामुख्याने कृमींची अंडी पोखरणारी बुरशी.