थायरॉईडची गोळी सोडून कांचनार गुग्गुळ घेतला तर चालेल का?

रंकाळाकाठ: आईला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी हार्मोन कमी करते. ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू असूनही टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा) ९.८, म्हणजे जास्तच आलाय. पाहुण्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातनं कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधा चूर्ण आणून दिलंय. गोळी सोडा म्हणतात. आई सकाळी गोळी घेते आणि लगेच फिरत जाऊन गंगावेशीत धारोष्ण दूध पिते. काय करावं?

करवीरकर: आधी त्या दुधाचं बघा. दुधातलं कॅल्शियम गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, मग ती रक्तात पुरती उतरत नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढं तासभर दूध नको, चहाही नको. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांनी. वेळ पाळून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलात तर खरा आकडा येत नाही. तरीही वाढलेलाच असेल तर डोस डॉक्टर ठरवतील.

काढेवाला: कांचनार गुग्गुळात कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वरुण, गुग्गुळ असतं. आयुर्वेदात तो गलगंड आणि गाठींवर देतात. पण त्यात थायरॉईडचं हार्मोन नसतं. ग्रंथीच थकली असेल तर ती तूट तो कुठनं भरणार? फसगत होते ती अशी: गोळीतलं हार्मोन रक्तात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून गोळी सोडली तरी दोन-तीन आठवडे माणूस ठणठणीत दिसतो आणि श्रेय चूर्णाला जातं. सुस्ती, सूज, बद्धकोष्ठ नंतर येतं.

अश्वगंधेचं उलटं. ती काहींचं टी४, म्हणजे थायरॉईडचं हार्मोनच, वाढवते. गोळीच्या जोडीला घेतली की छातीत धडधड, हाताला कंप सुटू शकतो. यकृताला त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. वैद्यांकडनं घ्यायचीच असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगून, आणि दोन नवी औषधं एकदम सुरू करू नका. कशानं काय झालं ते कळत नाही.

रंकाळाकाठ: धण्याचं पाणी? आणि केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्वही चालू आहे.

करवीरकर: धण्याचं पाणी प्या खुशाल, फक्त गोळी त्याच्याबरोबर गिळू नका. बायोटिन मात्र तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत त्यानं टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. त्या रिपोर्टवर डोस कमी झाला तर पंचाईत. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.