थायमस येतो कुठून आणि बसवतात कुठे

बाळाची प्रतिकारशक्तीच काम करत नसेल तर अस्थिमज्जा बदलली की काम भागतं, मग थायमस (छातीत हृदयाजवळ असलेली ग्रंथी) बसवण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न बरेच जण विचारतात. बऱ्याच आजारांत ते खरंही आहे. पण जन्मतः थायमसच नसलेल्या बाळांची मज्जा ठणठणीत असते. तिच्यातून निघालेल्या पेशींना टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणून तयार करणारी जागाच नसते. नवी मज्जा घालून ती जागा कशी येणार?

आणि हा थायमस देणारा दाता कोण म्हणाल तर उत्तर फारच व्यवहारी आहे. तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन करताना वाटेत येणारा थायमसचा भाग सर्जनला कापावाच लागतो, एरवी तो टाकूनच देतात. त्याच्या पातळ चकत्या 12 ते 21 दिवस प्रयोगशाळेत वाढवतात, तेवढ्यात दात्याच्या बहुतेक टी-पेशी निघून जातात. मग त्या बसवतात चक्क मांडीच्या स्नायूत! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. लुईस मार्कर्ट यांनी हे वर्षानुवर्षं केलं, तेव्हा कुठे 2021 मध्ये एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, या उपचाराला 'रेथिमिक' नावाने मंजुरी दिली. मात्र पुरेशा टी-पेशी तयार व्हायला सहा ते बारा महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर बाळाला संसर्गापासून जपायचं, आणि खरी कसोटी तिथेच असते.