रवांडाची गचाचा कोर्टं: प्रबंधाला सुरुवात कुठून करू?

माळावरची_चिंच:
एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रबंधाला रवांडा घेतलंय, म्हणजे १९९४ च्या नरसंहारानंतर न्याय कसा झाला ते. सर म्हणाले टांझानियातल्या आरुशा शहरात बसलेलं संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण आणि गावोगावची गचाचा कोर्टं यांची तुलना कर. आता तिकडे आरोपी ९३ आणि इकडे खटले १९ लाखांच्या आसपास, तुलना करायची तरी कशी? डोकं चालेना झालंय.

अर्धा_कप:
आकडे सोडूनच दे गं. आधी आरुशाचा एकच निकाल नीट वाच, अकायेसूचा, २ सप्टेंबर १९९८. हा रवांडातल्या ताबा नावाच्या भागाचा मेयर. आंतरराष्ट्रीय कोर्टात नरसंहाराचा गुन्हा पहिल्यांदा इथे सिद्ध झाला, आणि बलात्कारही नरसंहाराचं हत्यार असू शकतो हेही. मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच, साक्षीला आलेल्या बायका बोलायला लागल्या म्हणून खटला चालू असताना १९९७ मध्ये घातला.

जुना_सातबारा:
गचाचा म्हणजे आपली गावपंचायतच असं मी पण समजायचो, तसं नाहीये ते. जुनी पद्धत होती, गवतावर बसून शेताबांधाची, गुराढोरांची भांडणं मिटवायची. २००१ ला कायदा करून सरकारनं तिच्याकडे थेट खुनाचे खटले दिले, कारण तुरुंगात लाखाच्या वर माणसं कोंबलेली. न्यायाधीश गावानेच निवडलेले, कायदा न शिकलेले, आरोपीला वकील नाही, कबूल केलं तर शिक्षा कमी. त्यामुळे आपलं माणूस कुठं पुरलंय हे बऱ्याच घरांना कळलं, आरुशात बसून ते झालंच नसतं. पण जुने हिशोब चुकवायला खोटे आरोपही झाले.

अर्धा_कप:
आणि आरपीएफच्या, म्हणजे नरसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या बंडखोरांच्या, सैनिकांनी मारलेल्यांचं काय? ते खटले गचाचात नव्हतेच. गाळू नकोस हे, परीक्षक नेमकं तिथंच पकडतात.

माळावरची_चिंच:
बलात्काराचे खटले पण २००८ ला गचाचाकडे दिले ना, बंद दाराआड? मग फक्त तेवढंच घेऊ का, बाईनं साक्ष कुणासमोर द्यायची?

जुना_सातबारा:
घे की! आरुशात साक्षीदाराला नावाऐवजी अक्षरं होती, इथे समोर बसलेला न्यायाधीशच शेजारचा. दार बंद केलं तरी आत कोण गेलं ते गावाला दिसतंच.