मदत हवी आहे: डॉक्टर नक्की कशाने गेले?

मेघना_के: उद्या सकाळी ८ ला भाषण आहे आणि मी इथेच अडकलेय. सासरे म्हणतात प्लेगने गेले, पुस्तिकेत 'अतिश्रमाने' छापलंय. खरं काय? प्लीज लवकर सांगा.

रानवारा: कोणते डॉक्टर? आणि भाषण कुणाचं?

मेघना_के: अहो, कोटणीस! चीनला गेलेले. मुलगी सहावीत आहे, ३ मिनिटं मिळणार.

सोलापुरी: अपस्माराने, म्हणजे फिट्सच्या आजाराने. ९ डिसेंबर १९४२, वय फक्त ३२. प्लेग त्यांच्यावरच्या १९४६ च्या सिनेमातला, सासऱ्यांच्या डोक्यात तोच असणार. इकडे सोलापूरला आलात तर त्यांचं जन्मघर मुलीला नक्की दाखवा, आता तिथे स्मारक आहे.

निशा_प: माझ्या भावाला फिट्स यायच्या. एकदा कुणीतरी तोंडात चमचा घातला, पुढचा दात तुटला. भाषणात एक वाक्य घालाच: कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा.

रानवारा: भाषण इतिहासाचं आहे, प्रथमोपचाराचं नव्हे.

निशा_प: या आजाराचं नाव घ्यायला लोक अजून कचरतात, म्हणून तर 'अतिश्रम' छापतात!

जुनी_वही: अतिश्रमही खोटे नाहीत हो. चीनमध्ये जपान्यांविरुद्धच्या १९४० च्या लढाईत सलग ७२ तास जागून त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. पण मृत्यूचं कारण अपस्मारच लिहा.

अमोल_८८: मुलीला पुढे सैन्यात डॉक्टर व्हायचं तर नीट परीक्षा देऊन पुण्याचं एएफएमसी, म्हणजे लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय. नाहीतर एमबीबीएसनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे लष्करात ठरावीक वर्षांची नोकरी.

मेघना_के: अमोल, ते पुढे बघू. एकटेच गेले होते का?

जुनी_वही: नाही, १९३८ साली भारतातून चीनच्या मदतीला पाच डॉक्टर गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, कॅनडाचे सर्जन डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथेच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न. मुलाचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा बाळ साडेतीन महिन्यांचं होतं.

सोलापुरी: हे वाचलं की दर वेळी घसा दाटतो.

मेघना_के: मुलीला वाचून दाखवलं. म्हणाली, बाळाच्या नावापासूनच सुरुवात करते. निशाताई, कुशीवर वळवायचं वाक्यही ठेवतोय. ३ मिनिटांत बसतंय का, ते आता घड्याळ लावून बघतो.