जावई अमेरिकेतून भूतानला, तिथून नेपाळात: बडोद्याहून काय करता येईल?

दांडियाबाजार:
आतेबहीण ओहायोत, कोलंबसला. यजमान भूतानी निर्वासित. म्हणजे आईवडील भूतानचे, त्यांचा स्वतःचा जन्म नेपाळात, झापा जिल्ह्यातल्या निर्वासित छावणीतला. भूतान कधी पाहिलंही नव्हतं. २०११ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत गेले, ग्रीन कार्ड होतं. मारामारीच्या जुन्या खटल्यात गुन्हा कबूल केला होता, त्यावरून धरलं आणि दिल्लीमार्गे भूतानमधल्या पारोला नेऊन उतरवलं. भूतानने ठेवून न घेता फुंतशोलिंगला भारताच्या सीमेवर आणून सोडलं. आता नेपाळात, झापातल्या दमकजवळ नातेवाइकांकडे आहेत, ओळखपत्र एकही नाही. बहीण अमेरिकन नागरिक, मुलं शाळेत. आत्या म्हणते, इथे बोलवा, वरची खोली रिकामीच आहे. बोलवावं का? पैसे कसे पोचवायचे? परतीची काही वाट?

कायदेकानू:
आत्यांना समजवा, खोली रिकामीच राहू दे. नेपाळ-भूतानचे नागरिक खुष्कीने विनाव्हिसा भारतात येतात, पण जावई दोन्हींपैकी कुणाचेच नागरिक नाहीत, गोम तिथेच आहे. भूतानच्या १९८५ च्या कायद्याने १९५८ च्या वास्तव्याचा पुरावा मागितला. तो दाखवता न आलेले परके ठरले आणि नव्वदच्या दशकात लाखभर माणसं देशाबाहेर पडली. नेपाळने छावणीत जन्मलेल्यांना नागरिकता दिली नाही. म्हणजे सीमेवरचा मेची नदीचा पूल ओलांडून भारताच्या बाजूला पानीटंकीत पाऊल टाकलं की तो कागदांशिवाय प्रवेश. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेल्या भारताच्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बरं, पकडल्यावर भारत त्यांना धाडणार कुठे? घेणारा देशच नाही.

नेपाळातही ते सुरक्षित नाहीत. मार्च २०२५ मध्ये असेच परत आलेले चौघे झापात पकडले गेले. एप्रिलमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना देशाबाहेर काढू नका असं बजावलं. तो आदेश बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस, अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा) अर्जावर मिळाला. म्हणून झापातला वकील आजच गाठा आणि वारेसनामा (आपल्या वतीने कोर्टात काम पाहण्याचं अधिकारपत्र) जावयांच्या सहीने त्याच्याकडे ठेवा. अटक झाल्यावर सही मिळवायला दोन दिवस जातात आणि नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

ओहायोवाला:
परतीसाठी सगळे इमिग्रेशन कोर्टाकडे धावतात. आधी फौजदारी कोर्ट बघा. ओहायोच्या कायद्यात २९४३.०३१ हे कलम आहे: आरोपी नागरिक नसेल तर कबुली घेण्यापूर्वी न्यायाधीशाने "यामुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं" हे स्वतः सांगायला हवं. सांगितलं नसेल तर कबुली रद्द करून मागता येते. त्या सुनावणीची प्रतिलिपी मागवा, पानन् पान वाचा. वकिलाने चुकीचा सल्ला दिला असेल तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा पडिला निकालही आधाराला आहे. पण शिक्षा रद्द होण्याचं कारण कायदेशीर चूक हेच हवं. "कुटुंबाचे हाल होतात" म्हणून कोर्टाने दयेने रद्द केली तर इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षा तशीच राहते. इथे भले भले वकील घसरतात.

शिक्षा रद्द झाली की इमिग्रेशनचा खटला पुन्हा उघडायचा अर्ज. मुदत ९० दिवस, आणि ती विमानात बसवल्यापासून नव्हे, अंतिम आदेशापासून मोजतात. मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारा, काही अपवाद आहेत. माणूस देशाबाहेर गेला म्हणून अर्ज संपत नाही. ओहायो ज्या सहाव्या सर्किटमध्ये (केंद्रीय अपील कोर्टाच्या विभागात) येतं तिथे २०११ च्या प्रुइद्झे निकालाने ते स्पष्ट झालंय. आदेशाची तारीख इमिग्रेशन कोर्टाच्या संकेतस्थळावर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने प्रत्येकाला दिलेला क्रमांक) टाकून दिसते. नऊ आकडी असतो, ग्रीन कार्डावर यूएससीआयएस क्रमांक म्हणून छापलेला. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भूतान चाललं नाही तर नेपाळ टाकून बघा.

पूर्ण ए-फाइल (त्या क्रमांकाची इमिग्रेशन फाइल) अमेरिकेच्या माहिती अधिकाराखाली मागवा, त्यावर जावयांची सही लागते. नोटरी नको, पण जबानीत "अमेरिकेच्या कायद्यांनुसार" हे शब्द हवेत, कारण सही देशाबाहेर होतेय. अमेरिकेत वापरायच्या साच्यात ते शब्द नसतात, लोक तोच साचा उचलतात आणि अर्ज परत येतो.

मांडवीकर:
पैशांचं. बँकखातं किंवा वेस्टर्न युनियन, दोन्हीकडे ओळखपत्र मागतात, तेव्हा जावयांच्या नावाने काही पाठवू नका. ज्याच्याकडे नेपाळी नागरिकता आहे अशा नातेवाइकाच्या नावाने पाठवा. बडोद्याहून स्टेट बँकेच्या मार्गे जाणारी भारत-नेपाळ रेमिटन्स सोय आहे: खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत, रोख भरल्यास ५० हजारांपर्यंत आणि वर्षातून बाराच वेळा.

भेटायला जाणार असाल तर बागडोगरा, सिलिगुडी, पानीटंकी, काकरभिट्टा. पुढे महामार्गाने दमक. सोबत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, नुसत्या आधारवर विसंबू नका. आणि येताना जावयांना "सिलिगुडीपर्यंत सोडायला चला" म्हणू नका. हसू नका, माया असते, तोंडातून निघून जातं.

दांडियाबाजार:
आयओएमने (निर्वासितांना अमेरिकेत नेणारी स्थलांतर संस्था) दिलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी बहिणीच्या कपाटात आहे. आत छावणीचं नोंदणीपत्र, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), छातीचा एक्स-रे, विमानभाड्याच्या कर्जाचा कागद. मूळ कागद नेपाळला कुरिअर करू का?

कायदेकानू:
मुळीच नको. मूळ पिशवी कोलंबसला राहू दे. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन काढून झापाच्या वकिलाला आणि ओहायोच्या वकिलाला द्या. छावणीचं नोंदणीपत्र सर्वांत मोलाचं, कारण ते भूतानमधल्या गावाशी आणि वडिलांच्या नावाशी जोडतं. त्यावरचं स्पेलिंग ग्रीन कार्डाशी जुळतंय का बघा. छावणीत कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच जणांची जन्मतारीख सरसकट १ जानेवारी टाकलेली असते. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं बहिणीचं प्रतिज्ञापत्र कोलंबसच्या नोटरीसमोर करून घ्या. बडोद्यात कोठी कचेरीजवळ आत्यांच्या नावाने करून उपयोग नाही, त्यांना हे स्वतःच्या माहितीने सांगता येणार नाही.