ग्लुटेन-फ्री, डेअरी-फ्री खाऊन खरंच वजन उतरतं का? काटा परत वर चाललाय, मदत हवी आहे

अर्धाकप

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

वजन उतरवायचंय, आणि थोडंथोडकं नाही. माझ्या जावेने ग्लुटेन आणि दूधदुभतं दोन्ही बंद केलं आणि ती खरोखर बारीक झाली, म्हणजे अगदी नजरेत भरण्याइतकी. तेव्हापासून घरात जो दिसेल त्याला तिचं एकच सांगणं, गहू सोड, दूध सोड, बाकी काही करायची गरज नाही. म्हणून मी पण सुरू केलं. सुरुवातीला काटा इतका भराभर खाली आला की मी रोज सकाळ-संध्याकाळ वजन करायला लागले, पोट हलकं, अंगठी सैल, सगळे विचारायला लागले काय करतेस म्हणून. मग ते कमी होणं मंदावलं, मग थांबलंच, आणि आता चक्क उलटा प्रवास सुरू आहे. आणि मी चीटिंग करत नाहीये हो, गव्हाचा कण नाही की दुधाचा थेंब नाही, अगदी सॉसच्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं पण वाचते.

सध्याचं खाणं असं: सकाळी ग्लुटेन-फ्री ब्रेड आणि त्यावर व्हेगन बटर, ओटच्या दुधाची कॉफी (दिवसातून दोनदा, कधी तीनदा), मधल्या वेळेला ग्लुटेन-फ्री कुकीज, दुपारी भात आणि भाजी, रात्री मक्याचा किंवा तांदळाचा पास्ता. गोड खावंसं वाटलं तर नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम.

मला हे समजून घ्यायचंय की ग्लुटेनने माणूस जाड होतो का, म्हणजे त्यात असं काही असतं का जे अंगाला लागतं? दुधाचं काय? आणि नसेल तसं तर मग सुरुवातीला उतरलं ते काय उतरलं? शिवाय पोट फुगायचं माझं पूर्वी, ते खरंच कमी झालंय, तो काही मनाचा खेळ नाही. नुसतं 'डॉक्टरकडे जा' एवढंच सांगू नका प्लीज, जाणारच आहे, पण तिथे नेमकं काय विचारायचं ते तरी कळू दे.

पाठीवरपोतं

+१. मी पण याच्या उंबरठ्यावर आहे, ब्रेड सोडायच्या आधी हा धागा वाचून घेतो.

लेबलवाचक

तुमच्या लिस्टमधल्या भात-भाजी सोडून सगळ्या वस्तू पाकिटातल्या आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का?

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांमधलं प्रथिन. पिठाला ताण येतो, ब्रेड जाळीदार होतो तो त्याच्यामुळे. ते काढून टाकलं की कंपनीला ती पकड दुसरीकडून आणावी लागते, मग येतं तांदळाचं पीठ, टॅपिओका, बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च, झँथन गम, आणि चव-मऊपणा यावा म्हणून तेल-साखर. अशा ब्रेडमध्ये प्रथिनं बहुतेक वेळा साध्या ब्रेडपेक्षा कमी निघतात, फॅट कधीकधी जास्त. कॅलरी साधारण तेवढ्याच, काही ठिकाणी वरच. म्हणजे पोट भरल्याचं समाधान कमी आणि हिशोब तोच.

'ग्लुटेन-फ्री' या शिक्क्याचा अर्थ बऱ्याच देशांत एवढाच असतो की त्या पदार्थात एका किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. बास. वजनाबद्दल तो शिक्का काहीही बोलत नाही. साखर जन्मापासून ग्लुटेन-फ्रीच आहे आणि तेल डेअरी-फ्री.

व्हेगन बटरची मागची बाजू बघा. कांडीसारखं घट्ट जे मिळतं त्यात बरेचदा खऱ्या बटरच्या जवळपास फॅट असतं, म्हणजे १०० ग्रॅमला ७०० कॅलरीच्या आसपास. नारळाच्या आइस्क्रीमचं तेच, फॅट गाईचं नसून नारळाचं आहे, शरीराला त्याचं सोयरसुतक नाही. ओटच्या दुधात स्टार्च एन्झाइमने तोडलेला असतो म्हणून साखर न घालता पण ते गोडसर लागतं, १०० मिलिला ४०-५० कॅलरी धरा. मलई काढलेलं गाईचं दूध ३५ च्या आसपास असतं! आणि तीन कप मोठे असतील तर तो एक छोटा नाश्ताच झाला. अवांतर: ओट्समध्ये शेतात आणि गिरणीत गव्हाची भेसळ होत असते, त्यामुळे तुमचं ओटचं दूध ग्लुटेन-फ्री आहेच असं नाही, लेबल तपासा.

टेनिसवेडा

पण जोकोविचने ग्लुटेन सोडलं आणि त्यानंतरच तो नंबर वन झाला ना??

लेबलवाचक

@टेनिसवेडा, बरोबर. आता त्याच्याइतका वेळ कोर्टवर पळा आणि मग ब्रेडविषयी बोलू.

ताटवाटी

आहारतज्ज्ञ आहे, हे प्रश्न रोज येतात त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पण त्याआधी एक विचारायचंय, सुरुवातीला जेव्हा भराभर उतरत होतं तेव्हा पण हेच खात होतात का? हाच ब्रेड, ह्याच कुकीज?

अर्धाकप

नाही नाही. तेव्हा हे सगळं मिळतं हेच माहीत नव्हतं. गहू बंद म्हटल्यावर ब्रेड, बिस्किटं, केक, पिझ्झा सगळंच गेलं, मग उरलं काय तर भाज्या, अंडी, फळं, थोडा भात. बाहेर गेले की खाण्यासारखं काही नसायचंच, उपाशीच परत यायचे. पाकिटं नंतर आली, तीही जावेनेच दाखवलेल्या दुकानातून.

ताटवाटी

मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत.

तेव्हा ग्लुटेन गेलं म्हणून नाही, तर ग्लुटेन ज्यांच्या अंगाखांद्यावर बसून येतं ती मंडळी गेली म्हणून वजन उतरलं. केक, बिस्किटं, पिझ्झा, आणि दुधाच्या बाजूने क्रीमची कॉफी. दोन नियम पाळले की खाण्याच्या अर्ध्या जागा आपोआप बंद होतात आणि माणूस न मोजता कमी खातो. पुढे त्याच जागी तशाच वस्तू दुसऱ्या पिठाच्या आल्या, आणि काटा फिरला. अमेरिकेत २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या गटाने २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे खूप प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. प्रक्रिया केलेल्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यात जवळजवळ एक किलोने वाढली. कुकीच्या पाकिटावर कुठलं 'फ्री' लिहिलंय याने यात फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

आता पहिल्या दिवसांत काय उतरलं. बरंचसं पाणी. आपण कार्ब खातो त्यातला थोडा भाग स्नायूत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतो, साधारण अर्धा किलो, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब अचानक कमी केले की हा साठा उतरतो आणि पाणी पण जातं. ब्रेड, चीज, पिझ्झा हे खारट पदार्थ, ते गेल्याने मिठाबरोबर धरून ठेवलेलं पाणी पण कमी होतं, अंगठी सैल झाली ती बहुतेक त्यामुळे. एक किलो चरबी जाळायला ढोबळमानाने ७७०० कॅलरींची तूट लागते, ती चार दिवसांत होत नाही हो कुणाची.

पोट फुगायचं थांबलं हे खरंच असणार, त्यात मनाचा खेळ नाही. फक्त त्याचं कारण ग्लुटेनच असेल असं नाही. गव्हात फ्रुक्टान नावाचे कार्ब असतात, ते लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे जाऊन जंतू ते आंबवतात आणि गॅस होतो. नॉर्वेत झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये छापून आला होता, ५९ जण, सगळे स्वतःहून ग्लुटेन सोडलेले, सेलियाक (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) कुणालाच नाही. त्यांना न सांगता आलटून पालटून ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेले बार दिले, तर जास्त त्रास झाला फ्रुक्टानने. दुधाचं पण असंच, जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, लहानपणाइतकी पचत नाही, गॅस होतो, पोट टम्म होतं. पण फुगलेलं पोट आणि चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पँट सैल झाली म्हणजे चरबी गेली असं नाही.

दूध सोडल्याने वजन उतरतं याला तर मला काहीच आधार सापडत नाही. कॅलरी कमी ठेवलेल्या आहारात दूध-दही असलं तर वजन अडत नाही, उलट प्रथिनांमुळे स्नायू टिकायला मदतच होते. तुमच्या लिस्टमध्ये मला सगळ्यात खटकलं ते हेच, प्रथिनं आहेत कुठे? पहिल्या वेळेला अंडी होती, आता ती पण दिसत नाहीत.

अर्धाकप

हो, ब्रेड मिळायला लागल्यावर अंडी मागे पडली खरी, करायचा कंटाळा. बरं मग दूध परत सुरू करू का? पोट फुगण्याची भीती वाटते. आणि कॅल्शियमचं आई सारखी बोलत असते.

ताटवाटी

आईंचं बरोबर आहे, मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि दूध सोडलं की ते आपोआप कुठून भरून निघत नाही. आधी दही खाऊन बघा, त्यात लॅक्टोज काही प्रमाणात कमी झालेलं असतं, बऱ्याच जणांना ते चालतं. किंवा लॅक्टोज-फ्री दूध, ते असतं दूधच, फक्त ती साखर आधीच तोडलेली, कॅलरी मात्र साध्या दुधाइतक्याच. वनस्पतीजन्यच हवं असेल तर बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं सोयाचं घ्या, प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास मिळतात. बदामाच्या दुधात कॅलरी कमी, पण प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र यातलं दही आणि लॅक्टोज-फ्री दूध चालणार नाही, ते प्रकरण वेगळं.

सक्तीचापाहुणा

मला सेलियाक आहे, त्यामुळे हे धागे बघून आधी चिडचिड होते आणि मग उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. शंभरातल्या साधारण एकाला हा आजार असतो, बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं आणि अन्न नीट शोषलं जात नाही. मी ग्लुटेन सोडल्यावर माझं वजन वाढलं! आतडं बरं झालं, खाल्लेलं अंगी लागायला लागलं. आमच्यासारख्या बऱ्याच जणांचं असं होतं. तेव्हा ग्लुटेन-फ्री म्हणजे बारीक होण्याचं औषध हे आम्हाला तरी सांगू नका.

अर्धाकप, तुमच्या जाऊबाई बारीक झाल्या त्याला माझी हरकत नाही, पण त्या गहू सोडण्याबरोबर अजून काय करतात ते एकदा नीट बघा. आणि तुमचं पोट फुगायचं म्हणता, तर सेलियाकची टेस्ट केली होती का?

अर्धाकप

@सक्तीचापाहुणा, नाही केली, कुणी सांगितलंच नाही. आणि जावेचं म्हणाल तर ती रोज पोहायला जाते आणि रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलंय, ते ती कधी बोलत नाही, मला आत्ता लिहिताना जाणवतंय. मग उद्याच रक्त देऊन येऊ का?

सक्तीचापाहुणा

उद्या नको!! ग्लुटेन बंद असताना ती टेस्ट करून काही उपयोग नाही. ती रक्तातल्या अँटिबॉडी बघते, टीटीजी-आयजीए म्हणतात तिला, आणि ग्लुटेन बंद केलं की त्या हळूहळू कमी होत जातात, मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आधी डॉक्टरांशी बोला. ब्रिटनच्या नियमावलीत असं आहे की टेस्टच्या आधी निदान ६ आठवडे दिवसातून एकाहून जास्त वेळा जेवणात ग्लुटेन हवं. त्रास फार झाला तर डॉक्टर वेगळा मार्ग सांगतील, एक जनुकाची टेस्ट असते ती खाण्यावर अवलंबून नसते, पण तिने फक्त 'सेलियाक असण्याची शक्यता जवळजवळ नाही' एवढंच ठरवता येतं, आहे हे ठरवता येत नाही.

ताटवाटी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. टीटीजीबरोबर टोटल आयजीए (आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार) पण लिहून द्या म्हणावं, काही जणांच्या शरीरात मुळात आयजीएच कमी असतं आणि मग टीटीजी खोटी निगेटिव्ह येते. वजन वाढतंय म्हणून थायरॉइडचं पण सोबत विचारा, आणि कुठली औषधं चालू असतील तर तीही सांगा, काहींनी वजन वाढतं.

तोपर्यंत गहू परत सुरू करताना तो बिस्किटांच्या रूपात नको, साध्या जेवणात असू दे. आणि सकाळी अंडी.

अर्धाकप

चालेल, सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. टीटीजी, टोटल आयजीए, थायरॉइड, तिन्ही कागदावर लिहून ठेवलंय. उरलेली दोन पाकिटं कुकीज जावेला देऊन टाकते, तशीही ती त्या स्वतः कधी खात नाही. रिपोर्ट आले की इथेच टाकते.

पाठीवरपोतं

मी ब्रेड सोडत नाहीये मग. बटर किती लावतो ते बघतो.