विषय: दुर्गम ॲबोरिजिनल वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांना मदत: काय द्यावं, काय देऊ नये

कार्यकारिणी, मेलबर्न

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवात जमलेल्या निधीतला काही भाग यंदा ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम ॲबोरिजिनल (मूळनिवासी) वस्त्यांच्या आरोग्यासाठी द्यायचा विचार आहे. दोन सूचना आल्या आहेत. एक, आपल्या डॉक्टर सभासदांनी तिथे जाऊन आठवडाभर तपासणी शिबिर घ्यावं. दुसरी, औषधं, ब्लँकेटं आणि साबण यांची खोकी भरून पाठवावीत. त्या भागात काम करणारे किंवा केलेले काही जण या ई-मेल यादीवर आहेत. पैसे खर्च होण्याआधी त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

नर्स, ॲलिस स्प्रिंग्ज

नमस्कार,

शिबिर नको. वर्षातून एकदाची संपूर्ण आरोग्य तपासणी (मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा आयटम ७१५) तिथली केंद्रं करतच असतात, त्यामुळे तपासणी न होणं ही तिथली अडचण नाही. बाहेरून आलेला डॉक्टर वाढलेली साखर, लघवीतली प्रथिनं, वाहणारा कान टिपतो आणि शनिवारी विमानात बसतो. पुन्हा रक्त काढणं, गोळ्यांचा डोस बदलणं, शहरातल्या तज्ज्ञाची वेळ आणि प्रवास ठरवणं, आणि तो माणूस तोवर दुसऱ्या वस्तीत गेला असेल तर त्याला शोधणं, हे सगळं मागे राहिलेल्या दोन-तीन जणांच्या गळ्यात पडतं. वस्तीत पाहुण्यांसाठी खोल्याही मोजक्याच असतात. तुम्ही त्या अडवल्यात तर दंतवैद्याची ठरलेली फेरी पुढे जाते.

औषधांची खोकीही नकोत. सेक्शन १०० योजनेखाली १९९९ पासून दुर्गम ॲबोरिजिनल आरोग्यसेवांकडे पीबीएसची (सरकारी अनुदानाच्या यादीतली) औषधं थेट पोचतात आणि रुग्णाला काही द्यावं लागत नाही. त्यात वेगळ्या नावांची, मुदत संपत आलेली पाकिटं मिसळली की ती वेचून नष्ट करण्यात कुणाचा तरी दिवस जातो.

खरी ओढाताण माणसांची आहे, आणि त्यातही स्थानिक माणसांची. ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर हा जुलै २०१२ पासून देशभर नोंदणी लागणारा व्यवसाय आहे. कोणत्या घरी कुणी जायचं, नात्याच्या नियमांमुळे कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, कुठे दुखवटा चालू आहे, हे त्यांना ठाऊक असतं. माझ्यासारखी नर्स कितीही शिकली तरी तिथे पोचत नाही. पण बाहेरून येणाऱ्या नर्सला नोकरीबरोबर घर मिळतं, आणि गावातल्याच प्रॅक्टिशनरला बहुतेक वेळा मिळत नाही. ती गर्दीच्या घरात अर्धवट झोपून सकाळी आठला केंद्र उघडायला येते. हे मला फार लागतं, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

पैसे द्यायचे तर समुदायाच्याच ताब्यात असलेल्या संस्थेला द्या, आणि वापर कशासाठी करायचा ते तिलाच ठरवू द्या. ॲलिस स्प्रिंग्जची 'काँग्रेस' ही ॲबोरिजिनल आरोग्यसंस्था १९७३ पासून आहे. 'पर्पल हाऊस' हे डायालिसिस केंद्र तर वाळवंटातल्या लोकांनी स्वतःची चित्रं विकून उभं केलं. २००० साली सिडनीत लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांहून जास्त जमले. डायालिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास लागतं. किंटोर या वाळवंटातल्या वस्तीच्या माणसाला त्यासाठी पाचशेहून जास्त किलोमीटरवरच्या ॲलिसला कायमचं बिऱ्हाड हलवावं लागे. आता यंत्र किंटोरमध्येच आहे.

बालरोगतज्ज्ञ, डार्विन

ताईंच्या प्रत्येक वाक्याशी सहमत. आपल्या लोकांना चटकन समजेल असं एकच उदाहरण देतो, संधिवाताच्या तापाचं (रुमॅटिक फीव्हर).

घशात किंवा कातडीवरच्या पिकलेल्या फोडांत स्ट्रेप जंतू असतात. काही मुलांत शरीराची त्यांच्याविरुद्धची प्रतिक्रिया हृदयाच्या झडपांवर उलटते. ताप पुन्हा आला की झडप आणखी खराब होते. तो पुन्हा येऊ नये म्हणून बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २८ दिवसांनी द्यायचं. वजन २० किलो किंवा जास्त असेल तर १२ लाख युनिट, त्याखाली ६ लाख. झडपांना काही झालं नसेल तरीही हे किमान पाच वर्षं किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यातलं जे उशिराचं तोवर चालतं. झडप खूपच खराब असेल तर किमान चाळिशीपर्यंत.

इथे एक साधी गफलत होते. '२८ दिवस' म्हणजे 'दर महिन्याला' असं धरून तारखा दिल्या जातात. महिन्याने दिलं तर वर्षात १२ इंजेक्शनं होतात, २८ दिवसांनी १३. फेब्रुवारी सोडून प्रत्येक महिन्यात दोन-तीन दिवस संरक्षणाविना जातात आणि कागदावर मात्र सगळं वेळेवर दिसतं. म्हणून संगणकातली आठवण २१व्या दिवशी लावायची. मधला आठवडा माणूस शोधायला, पूर आलेला रस्ता मोकळा व्हायला किंवा शेजारच्या केंद्राला फोन करायला मिळतो. आणि 'चुकलं' अशी नोंद करण्यापूर्वी टेरिटरीचं संधिवात-हृदयरोग रजिस्टर पाहायचं. अंत्यविधीसाठी गेलेल्या मुलाला तिकडच्या केंद्रात डोस मिळालेला असतो.

दुसरी गोष्ट वेदनेची. औषध दाट असतं, २.३ मिलिलिटर, आणि फ्रिजमधून काढतात. गार असतानाच घाईने टोचलं तर मूल कळवळतं आणि पुढच्या वेळी दवाखान्याची गाडी दिसताच पळतं. सिरिंज तळहातांत फिरवून खोलीच्या तापमानाला आणायची. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. टोचण्याच्या जागी दहा सेकंद अंगठ्याने दाबायचं. कंबरेच्या बाजूच्या स्नायूत (व्हेन्ट्रोग्लुटिअल) किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला खोलवर द्यायचं, आणि औषध ढकलायला दोन-तीन मिनिटं तरी घ्यायची. मध्ये थांबलं तर सुई तुंबते, म्हणून वेग संथ पण सलग हवा. शिरेत चुकूनही जाता कामा नये, हृदय बंद पडू शकतं. तीव्र ॲलर्जी आली तर म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी हवंच. कुठल्या पायाला द्यायचं ते मुलालाच निवडू द्यावं.

हे सगळं करायला ओळखीचा चेहरा लागतो. दर सहा आठवड्यांनी नर्स बदलली तर तेराच्या तेरा डोस होणं कठीण.

सिव्हिल इंजिनिअर, ॲडलेड

डॉक्टर, इंजेक्शनच्या आधीची पायरी राहिली. स्ट्रेप आणि खरूज कातडीवर टिकून राहतात ते अंघोळीचं पाणी आणि कपडे धुण्याची सोय नसल्याने.

१९८०च्या दशकात एपीवाय लँड्समध्ये (दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येचा ॲबोरिजिनल प्रदेश) तिथल्या नंगानम्पा हेल्थ कौन्सिल या आरोग्यसंस्थेचे संचालक यामी लेस्टर यांनी विचारलं की लोक आजारी पडणंच कसं थांबवता येईल. त्यातून १९८७चा 'यूपीके' नावाचा अहवाल आला आणि निरोगी राहणीच्या नऊ गोष्टी क्रमाने ठरल्या. पहिली अंग धुणं, दुसरी कपडे-अंथरुणं धुणं, तिसरी सांडपाणी सुरक्षित बाहेर जाणं. त्यावर उभ्या राहिलेल्या 'हाउसिंग फॉर हेल्थ' या घरदुरुस्ती उपक्रमाचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो: दुरुस्तीशिवाय पाहणी नाही. पहिल्याच दिवशी पाहणीबरोबर प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन कामाला लागतात, आणि पथकात बहुसंख्य स्थानिक लोक असतात.

घरं लोकांनी मोडली असा समज इथे पुष्कळ आहे. त्यांच्या नोंदींत बिघाडाचं कारण गैरवापर असल्याचं प्रमाण जेमतेम ९ टक्के निघालं. सुमारे ७० टक्के बिघाड नियमित देखभाल न झाल्याने आणि उरलेले मुळातच बांधकाम निकृष्ट असल्याने. मध्य ऑस्ट्रेलियातलं पाणी क्षारांनी जड असतं. गीझरच्या कॉइलवर थर बसतो, नळाचा वायसर झिजतो, नळ गळतो, मोरीचा उतार उलटा असला की पाणी तुंबतं. चार डॉलरचा वायसर बदलायला शेकडो किलोमीटरवरून प्लंबर यायचा म्हणजे घर महिनोन्महिने तसंच राहतं.

वॉशिंग मशीन देणगीत द्यायचा विचार असेल तर घरगुती मशीन देऊ नका. गर्दीच्या घरात, वाळू आणि क्षारांत ते लवकर बंद पडतं. सार्वजनिक लॉण्ड्रीसाठी व्यावसायिक दर्जाचं मशीन, दुरुस्तीचा करार आणि ती चालवायला पगारी स्थानिक माणूस, हे तिन्ही एकत्र असतील तरच उपयोग. खरजेसाठी चादरी ५० अंशांहून गरम पाण्यात धुवाव्या लागतात. ते जमत नसेल तर बंद काळ्या पिशवीत घालून आठवडाभर उन्हात ठेवाव्यात.

विजेचाही हिशोब धरा. टेरिटरीतल्या बऱ्याच वस्त्यांत प्रीपेड मीटर आहेत, शिल्लक संपली की वीज बंद. २०१८-१९च्या एका अभ्यासात ९१ टक्के घरांची वीज वर्षात कधी ना कधी तुटली होती. गरम पाणी आणि इन्सुलिनचा फ्रिज त्याच मीटरवर चालतात.

सभासद, सिडनी

गडचिरोलीत बंग दांपत्याने आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभारला आणि गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तो अनुभव आपण तिकडे पोचवू शकतो का?

आणखी एक. माझी भाची नर्स आहे, इथे नोंदणी झालेली. पहिल्यांदाच दुर्गम भागात करार घेते आहे. काय तयारी करावी?

बालरोगतज्ज्ञ, डार्विन

आधी लोकांना विचारायचं, हे दोन्हीकडे सारखंच. पण इथे ते शिकवायला जायची गरज नाही. सिडनीतल्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी १९७१ साली स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू केली, आणि आता देशभर अशा संस्थांचं जाळं आहे. त्यांनी बोलावलं तर गडचिरोलीबद्दल जरूर सांगावं.

नर्स, ॲलिस स्प्रिंग्ज

भाचीसाठी: ऑकर कार्ड (मुलांसोबत काम करण्याची परवानगी) आधी काढावं, वेळ लागतो. क्रॅनाप्लस या दुर्गम भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संस्थेचे दुर्गम आपत्कालीन सेवेचे आणि प्रसूतीचे छोटे कोर्स जाण्यापूर्वी करावेत, तिथे गेल्यावर सुट्टी मिळत नाही. दुर्गम केंद्रांत वापरलं जाणारं 'कार्पा'चं उपचार-पुस्तक रोज उघडावं. शहरातल्या सवयीने घशाच्या स्वॅबची वाट पाहत बसू नये, जोखमीच्या मुलाला तिथे लगेच पेनिसिलिन देतात.

रात्रीच्या कॉलला एकटं जायचं नाही. २०१६ मध्ये एपीवाय लँड्समधल्या फ्रेगनला नर्स गेल वुडफोर्ड यांचा खून झाला. त्यानंतर दक्षिण ऑस्ट्रेलियाने कायदाच केला की दुर्गम भागात कामाच्या वेळेबाहेरच्या किंवा अचानक आलेल्या कॉलला दुसरी व्यक्ती बरोबर हवी. इतर राज्यांत तो लागू नाही, म्हणून सही करण्याआधी मालकाला लेखी विचारावं: दुसरी व्यक्ती कोण, तिला पगार कोण देतं, सॅटेलाइट फोन कुठे असतो.

रुग्ण 'हो' म्हणाला म्हणजे समजलं असं धरू नये. पाहुण्याला नाही म्हणणं अनेकांना अवघड जातं. दुभाषा मागवावा, आणि "ही गोळी घरी कशी घ्याल ते मला सांगा" असं विचारावं. मृत व्यक्तीचं नाव उच्चारू नये, फाइल शोधताना मोठ्याने विचारायचं झालं तरीसुद्धा. मन थकलं तर बुश सपोर्ट लाइन आहे, १८०० ८०५ ३९१, चोवीस तास, कुटुंबीयांसाठीही.

कार्यकारिणी, मेलबर्न

सर्वांचे मनापासून आभार. शिबिर आणि खोकी दोन्ही रद्द. निधी समुदाय-संस्थेला बिनशर्त द्यायचा ठराव पुढच्या सभेत मांडतो. पण मेलबर्नमध्ये राहून हाताने करण्यासारखं काही आहे का? बरेच सभासद विचारत आहेत.

रुग्णालय समाजसेविका, मेलबर्न

आहे. टेरिटरीत हृदयशस्त्रक्रिया होत नाही. झडपेच्या ऑपरेशनसाठी मुलं आणि मोठी माणसं ॲडलेडला किंवा इथे येतात. डार्विनच्या उकाड्यातून जुलैत उतरतात तेव्हा अंगावर टी-शर्ट असतो आणि बरोबर एकच नातेवाईक.

प्रत्येक मोठ्या रुग्णालयात ॲबोरिजिनल लायझन ऑफिसर (रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातला दुवा) असतात. थेट वॉर्डात जाऊ नका, त्यांना फोन करून काय लागतं ते विचारा. बहुतेकदा उत्तर येतं: जॅकेट, मोजे, फोनचं रिचार्ज, ट्रामचं कार्ड आणि नातेवाइकासाठी गरम जेवण. जेवण देणार असाल तर मीठ कमी ठेवा, पुष्कळांना मूत्रपिंडाचाही त्रास असतो. पदार्थात काय घातलंय ते डब्यावर इंग्रजीत लिहा.

जॅकेट नवं, आणि पुढून पूर्ण चेन असलेलंच आणा. छातीचं हाड कापून शिवल्यावर काही आठवडे हात डोक्यावर नेता येत नाहीत, त्यामुळे डोक्यातून घालायचे स्वेटर तसेच पडून राहतात. मुलांच्या ८ ते १४ या मापांची गरज जास्त.